मित्र सरकार टिकणार की कोसळणार, हे बातम्यांतून कसं ओळखायचं

२०२४ च्या जानेवारीत माझ्या धाकट्या भावाचं जहाज सुएझच्या दिशेनं निघायचं होतं. येमेनमधले हुथी बंडखोर जहाजांवर मिसाईल टाकतायत हे आईनं टीव्हीवर बघितलेलं, आणि फोंड्याच्या बाजारातून भाजी आणून पिशवी खाली ठेवता ठेवता तिनं मला विचारलं, काय गो, तिथं सरकार नाही का, ते काय करतं? मी अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवते, उत्तर माहीत होतं, पण एका वाक्यात देता येईना. सरकार होतं ना. मोठ्या देशांचा त्याच्यावर भरवसाही होता. १० सप्टेंबर २०१४ ला ओबामांनी भाषणात सांगितलं की इस्लामिक स्टेट या दहशतवादी संघटनेविरुद्ध आम्ही तीच पद्धत वापरणार जी येमेन आणि सोमालियात यशस्वी झालीय, म्हणजे आपण विमानं-ड्रोन वापरायचे आणि जमिनीवर तिथल्या सरकारनं लढायचं. आणि २१ सप्टेंबरला हुथींनी राजधानी साना घेतली. मध्ये फक्त ११ दिवस.

तेव्हापासून मी माझ्या वर्गातल्या मुलांना, आणि ज्यांच्या घरातला कोणी जहाजावर, गल्फमध्ये किंवा आफ्रिकेत आहे अशा शेजाऱ्यांना, बातमी कशी वाचायची ते सांगत असते. तेच इथं लिहून काढतेय, कारण गोव्यात असं घर शोधावं लागत नाही, प्रत्येक वाड्यावर एक तरी तारवटी, म्हणजे जहाजावर काम करणारा, सापडतो, आणि दहशतवादाविरुद्ध अमुक देश आमचा भागीदार ही ओळ आपण वाचतो आणि पुढं जातो.

सगळ्यात आधी डोक्यात एक चित्र पक्कं करा. भाटकार, म्हणजे बागायतीचा मालक, मुंबईला किंवा लिस्बनला राहतो आणि बागायत राखणदारावर सोडलेली असते, हे आपल्याकडे सगळ्यांनी बघितलंय. भाटकाराला वाटतं आपण पैसे देतो म्हणजे तो आपले नारळ राखणार. पण राखणदाराला गावात राहायचंय, नारळ पाडून नेणारे त्याच्याच वाड्यावरचे आहेत, त्यांच्याशी वैर घेऊन त्याला रात्री त्याच गावात झोपायचंय. तो वाईट माणूस असेलच असं नाही, त्याचा हिशोब वेगळा आहे एवढंच. कमजोर मित्र सरकारचं अगदी असंच असतं, ते तुमची लढाई लढत नसतं, स्वतःची लढत असतं, आणि त्या दोन लढाया जिथवर एका वाटेनं जातात तिथवरच सोबत. बातमी वाचताना ती वाट कुठं फुटते ते शोधायचं.

कौतुकाची तारीख लिहून ठेवा

वहीत दोन रकाने करा, मी खरंच करते. एका बाजूला कोणी कोणाचं कधी कौतुक केलं, दुसऱ्या बाजूला पुढं काय झालं. ८ जुलै २०२१ ला बायडन म्हणाले की अफगाण सैन्य ३ लाखांचं आहे, हत्यारं उत्तम आहेत, एअरफोर्स आहे, समोर तालिबान ७५ हजारच्या आसपास, त्यामुळे तालिबान जिंकणारच असं काही नाही. १५ ऑगस्टला काबुल पडलं, अध्यक्ष अश्रफ गनी देश सोडून गेले आणि नंतर यूएईत सापडले. ३८ दिवस. कौतुक खोटं असतं असं मला म्हणायचं नाही, पण ज्यानं इतकी वर्षं पैसे घातलेत त्याला आपला माणूस चांगला आहे असं म्हणावंच लागतं, नाहीतर स्वतःच्या लोकांना काय सांगणार. म्हणून पैसे देणाऱ्याच्या तोंडचं सर्टिफिकेट पुरावा म्हणून धरू नका.

मग पगाराची बातमी शोधा

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि यावर मी जास्त बोलणार आहे. परेडचे फोटो बघू नका, पगार कोणाच्या हातून जातो ते बघा.

१० जून २०१४ ला इराकमधलं मोसुल इस्लामिक स्टेटच्या हातात गेलं. इतकं मोठं शहर, सैन्य कागदावर त्यांच्या कितीतरी पट, आणि काही दिवसांत सगळं संपलं. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी नवे पंतप्रधान हैदर अल अबादी यांनी संसदेत सांगितलं की तपासात ५० हजार सैनिक असे सापडले जे फक्त यादीत आहेत. ५० हजार! इराकी लोक अशांना अंतराळातले म्हणतात, म्हणजे पृथ्वीवर नसलेले. आपल्याकडे मस्टरवर नावं आणि कामावर माणसं नाहीत म्हणतो ना तेच, फक्त इथं मस्टर बंदुकीचं होतं. हे चालतं कसं ते समजून घ्या. पगार वरून रोख येतो आणि वाटायचा अधिकार कमांडरकडे असतो. तो काही जणांना सांगतो तू घरी रहा, अर्धा पगार तुझा अर्धा माझा, काही जण मेलेले किंवा पळालेले असतात त्यांचं नाव तो काढतच नाही, आणि कमांडरची जागाच त्यानं वरच्याला पैसे देऊन घेतलेली असते त्यामुळे त्याला ते वसूल करायचे असतात. मग चौकीवर १०० ऐवजी ४० माणसं, त्यांना गोळ्या कमी, जेवण कमी, आणि समोरून हल्ला आला की त्या चाळिसांनी कोणासाठी मरायचं?

अफगाणिस्तानातही हेच. अमेरिकेनं तिथल्या सैन्य-पोलिसांवर ८० अब्ज डॉलरपेक्षा जास्त घातले, आणि अमेरिकेच्याच तपास कार्यालयाचे, म्हणजे सिगारचे, रिपोर्ट वर्षानुवर्षं सांगत होते की आकडे खरे नाहीत, भूत सैनिक आहेत, पेट्रोल चोरीला जातंय. हे सगळं छापलेलं होतं, कोणीही वाचू शकलं असतं. तेव्हा तुम्ही कुठल्याही देशाबद्दल वाचताना सैन्य किती हा आकडा आला की लगेच विचारा, मोजलं कोणी? पगार बँकेत जातो की कमांडरच्या हातात? किती महिन्यांचा थकलाय? पगार थकल्याची छोटी बातमी दिसली की ती कापून ठेवा.

आणि इथं एक चूक करू नका, प्लीज. अफगाण सैनिक भित्रे होते म्हणून हरले असं आपल्याकडे खूप जण बोलतात. २० वर्षांत त्यांचे सैनिक आणि पोलीस मिळून ६० हजारांहून जास्त मेले असा अंदाज आहे. भित्री माणसं इतकी मरत नाहीत. ज्यांना वर कोणी उभं नाही हे कळलं त्यांनी हत्यार खाली ठेवलं, आणि कित्येक ठिकाणी तर गावातल्या म्हाताऱ्यांनी मध्ये पडून तोडगा काढला की पोरांना जिवंत घरी जाऊ द्या.

सरकार कोणाला जास्त घाबरतं?

मोठ्या देशाला वाटतं की मित्र सरकारचा एक नंबरचा शत्रू दहशतवादी. बहुतेक वेळा तसं नसतं. त्याची पहिली भीती स्वतःच्या बराकीची असते, दुसरी विरोधी पक्षाची किंवा दुसऱ्या जमातीची, आणि दहशतवादी त्याच्यानंतर. इराकमध्ये तेव्हाचे पंतप्रधान नूरी अल मालिकी यांनी चांगले अधिकारी बाजूला करून आपले विश्वासू बसवले. ज्या सुन्नी टोळ्यांनी २००६-०७ पासून अल कायदाला हाकललं, त्यांना नोकऱ्या देतो सांगितलेलं, त्यातल्या बऱ्याच जणांना काहीच मिळालं नाही, उलट काही जणांना आत टाकलं. मग २०१४ ला इस्लामिक स्टेट आली तेव्हा त्या लोकांनी सरकारसाठी जीव का द्यावा.

नायजरचं उदाहरण तर फार बोलकं आहे. पश्चिम आफ्रिकेत एकेक देश हातातून गेल्यावर फ्रान्स आणि अमेरिका दोघांनी नायजरवर भार टाकला, अमेरिकेनं तिथं अगादेझला ड्रोनचा मोठा तळ आधीच बांधलेला होता. २६ जुलै २०२३ ला अध्यक्ष बाझुम यांना पकडलं कोणी, तर त्यांच्याच रक्षक दलानं, त्या दलाचे प्रमुख जनरल चियानी यांनी. पुढच्या वर्षी अमेरिकेला तो तळ सोडावा लागला. आणि त्याआधी मालीत, २०१२ ला सत्ता उलथवणारा कॅप्टन सानोगो अमेरिकेत ट्रेनिंग घेऊन आलेला होता. ट्रेनिंग दिलं म्हणजे माणूस आपला झाला असं नसतं, त्याला बंदूक आणि शिस्त मिळते, ती कुठं वळवायची ते तो ठरवतो.

म्हणून बातमीत बघा की सगळ्यात चांगली हत्यारं कुठल्या तुकडीला मिळतात आणि ती तुकडी उभी कुठं असते. सीमेवर की राष्ट्रपतींच्या बंगल्याभोवती. तुकडीचा प्रमुख कोण, मुलगा, पुतण्या, मेहुणा? येमेनमध्ये तेव्हाचे अध्यक्ष अली अब्दुल्ला सालेह यांनी अमेरिकेच्या मदतीनं दहशतवादविरोधी पथक उभं केलं ते पुतण्याच्या हाताखाली होतं आणि रिपब्लिकन गार्ड मुलाच्या.

धोका संपला तर कोणाचं नुकसान?

सालेह यांच्याबद्दल अजून एक गोष्ट आहे, ती मी वर्गात दर वर्षी सांगते. फेब्रुवारी २००६ मध्ये सानाच्या जेलमधून अल कायदाचे २३ कैदी बोगदा खणून पळाले. पुढं येमेनमधली अल कायदा ज्यांनी बांधली त्यातले दोघं त्याच बोगद्यातून बाहेर आलेले. आतून मदत झाली असणार अशी शंका तेव्हाच घेतली गेली. मला इथं कोणावर आरोप ठेवायचा नाही, पण हिशोब बघा, धोका आहे तोवर पैसे येतात, संपला की थांबतात, मग धोका पूर्ण संपवायची घाई कोणाला असेल? हेच सालेह हुथींशी सहा युद्धं लढले, मग सत्ता गेल्यावर २०१४ ला त्याच हुथींच्या बाजूला गेले, आणि डिसेंबर २०१७ मध्ये त्यांच्याकडूनच मारले गेले. आईच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. ज्या सरकारवर भरवसा ठेवला त्याच्याच माणसांनी आणि हत्यारांनी हुथींना वर काढलं.

पाकिस्तानबद्दल आपल्याला काय नवीन सांगायचं. २००१ नंतर अमेरिकेकडून ३० अब्ज डॉलरपेक्षा जास्त आले, २००४ ला नाटोबाहेरचा मोठा मित्र असा दर्जा मिळाला, आणि २ मे २०११ ला ओसामा सापडला अबोटाबादला, काकुलच्या लष्करी अकादमीच्या जवळ. संसदेवरच्या हल्ल्यानंतर जानेवारी २००२ मध्ये मुशर्रफ यांनी लष्कर-ए-तैयबा आणि जैशवर बंदी घातली होती, बंदीच्या बातमीवर आपणही समाधान मानलं, आणि २००८ ला मुंबई झाली. पण एक गोष्ट लक्षात घ्या जी टीव्हीवर फार कोणी बोलत नाही. जून २०१८ ला एफएटीएफनं, म्हणजे दहशतवादाला जाणाऱ्या पैशावर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं, पाकिस्तानला ग्रे लिस्टमध्ये टाकलं, म्हणजे नुसता निषेध नाही, कामांची यादी हातात दिली की हे करा तोवर नाव निघणार नाही, आणि मग जुलै २०१९ मध्ये हाफीझ सईदला अटक झाली, फेब्रुवारी २०२० मध्ये शिक्षाही झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये नाव निघालं. मन बदललं असं मी म्हणणार नाही. पण इतक्या वर्षांच्या रोख मदतीनं जे झालं नाही ते मोजता येणाऱ्या अटींनी थोडं तरी झालं. म्हणून मदतीची बातमी आली की आकड्याच्या आधी अट वाचा, अट तपासणारा कोण ते वाचा, आणि मदत थांबवायची तयारी खरंच आहे का ते बघा, कारण नसेल तर ती अट नव्हेच.

आपल्या बाणावलीतच हे दोनदा दिसलं. ऑक्टोबर २०१६ च्या ब्रिक्स परिषदेत मोदींनी पाकिस्तानला दहशतवादाचं उगमस्थान म्हटलं पण शेवटच्या जाहीरनाम्यात इस्लामिक स्टेट आणि सीरियातल्या नुस्रा या दहशतवादी गटाचं नाव आलं, लष्कर आणि जैशचं नाही. मे २०२३ च्या शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीला बिलावल भुट्टो आले तेव्हा मडगावपर्यंत सगळीकडे पोलीस होते, माझ्या मुलांना त्याचंच आकर्षण. मी त्यांना सांगितलं, भाषण नको, जाहीरनामा काढा आणि त्यात कोणाचं नाव नाही ते शोधा.

करार झाला की खोलीत कोण होतं ते बघा

२९ फेब्रुवारी २०२० चा दोहा करार अमेरिका आणि तालिबानमध्ये झाला. अफगाण सरकार त्यात नव्हतंच. तरी त्या सरकारनं ५ हजारपर्यंत तालिबान कैदी सोडायचे असं त्यात लिहिलेलं. सही दुसऱ्याची आणि कैदी तुमच्या जेलमधले. ज्या दिवशी हे झालं त्या दिवसापासून प्रत्येक जिल्ह्यातल्या कमांडरनं आपापला विचार सुरू केला असणार, मी असते तर मीही केला असता. आणि नंतर बघायचं ते सामान. सैनिक किती गेले यापेक्षा मेकॅनिक गेले का ते बघा. अफगाण एअरफोर्सची विमानं परदेशी कॉन्ट्रॅक्टर दुरुस्त करायचे, ते गेल्यावर विमानं जमिनीवर उभी राहायला लागली, आणि जुलै २०२१ च्या सुरुवातीला अमेरिकेचा बगराम तळ रात्रीत रिकामा झाला तेव्हा उरलेली आशाही गेली.

सोमालियाचं थोडक्यात सांगते, तिथं २००७ पासून आफ्रिकन युनियनचं सैन्य आहे, मिशनची नावं बदलली, निघायच्या तारखा पुढं गेल्या, सरकारला अजून त्यांच्याशिवाय जमत नाही. अशा ठिकाणी निघायची तारीख हाच बघायचा मुद्दा.

आता सगळं वाचून कमजोर सरकारवर कधीच अवलंबून राहू नये असं वाटेल, तर तसं नाही. भूतान बघा. छोटा देश, छोटं सैन्य, आणि त्यांच्या जंगलात उल्फा, एनडीएफबी, केएलओ या आसाम-उत्तर बंगालमधल्या सशस्त्र फुटीर संघटनांचे मिळून ३० तळ. भूताननं आधी कित्येक वर्षं बोलणी केली, जा म्हणून विनवलं, त्यांच्या संसदेत त्यावर परत परत चर्चा झाली, आणि १५ डिसेंबर २००३ ला स्वतःच्या सैन्यानं कारवाई सुरू करून ते तळ उठवले. का जमलं? तळ राहिले तर आपला देश आपला राहणार नाही हे त्यांना आतून पटलेलं होतं. भारतानं दबाव आणला, मदत केली, पण कारण त्यांचं स्वतःचं होतं. बांगलादेशनंही २००९ ला उल्फाचा प्रमुख अरबिंद राजखोवा आपल्या हाती दिला तो मोठा फरक होता, फक्त तो भरवसा बराचसा शेख हसीना या एका व्यक्तीवर होता, आणि ५ ऑगस्ट २०२४ ला त्या गेल्यावर दिल्लीला सगळं नव्यानं मांडावं लागलं. तेव्हा वहीत हेही लिहा, भरवसा माणसावर आहे, पक्षावर आहे की देशाच्या गरजेवर.

आणि अफगाणिस्तानात भारतानं जे केलं त्याबद्दल मला मनापासून बोलायचंय. झरंज-देलाराम हा २१८ किलोमीटरचा रस्ता, हेरातकडचं सलमा धरण जे २०१६ ला सुरू झालं, काबुलची संसद. २००८ च्या ७ जुलैला आपल्या दूतावासावर हल्ला झाला, आपली माणसं गेली, तरी कामं थांबवली नाहीत. २०२१ ला सगळं पाण्यात गेलं असं खूप जणांनी लिहिलं. पण जून २०२२ मध्ये आपलं छोटं पथक परत काबुलला गेलं आणि ऑक्टोबर २०२५ ला तालिबानचे परराष्ट्रमंत्री मुत्ताकी दिल्लीत आले, दूतावास परत सुरू करायचं ठरलं. तालिबान मुलींना सहावीच्या पुढं शिकू देत नाही, एक शिक्षिका म्हणून ही भेट मला सोपी वाटली नाही, अजूनही वाटत नाही. पण धरण तिथंच आहे, त्याच्या पाण्यावर शेती होते, सरकारच्या खिशात घातलेले पैसे सरकारबरोबर गेले आणि लोकांसाठी बांधलेलं राहिलं, हा फरक माझ्या मुलांनी लक्षात ठेवावा असं मला वाटतं.

घरातलं माणूस अशा देशात असेल तर

हे वरवर वाचू नका. मोसुल पडलं तेव्हा तिथं काम करणारे ३९ भारतीय मारले गेले आणि घरच्यांना नक्की उत्तर मिळायला मार्च २०१८ उजाडला. तिक्रितच्या ४६ नर्सेस मात्र जुलै २०१४ मध्ये सुखरूप परत आल्या. २०१५ ला येमेनमधून ऑपरेशन राहतनं साडेचार हजारांहून जास्त भारतीय बाहेर काढले. जुलै २०२५ मध्ये मालीच्या कायेसमधल्या सिमेंट कारखान्यातून ३ भारतीय पळवले गेले, म्हणजे हे जुनं झालेलं नाही.

म्हणून जायच्या आधी त्या देशाबद्दल परराष्ट्र मंत्रालयानं सूचना काढलीय का ते बघा. पोचल्यावर पहिल्या आठवड्यात दूतावासाकडे नाव नोंदवायला सांगा, दूतावासाला तुम्ही तिथं आहात हे माहीतच नसेल तर ते शोधणार कसे. पासपोर्ट, व्हिसा, कॉन्ट्रॅक्ट, कंपनीचा स्थानिक पत्ता, यांचे फोटो घरी दोन जणांच्या मोबाईलवर ठेवा, एका नको. पणजीतल्या एनआरआय आयुक्त कार्यालयाचा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलचा पत्ता आत्ताच शोधून ठेवा, रडत रडत शोधायची वेळ येऊ नये. एजंटनं तिथं सगळं शांत आहे सांगितलं तर त्याला विचारा, शांत कोणामुळे, तिथल्या सैन्यामुळे की बाहेरच्या सैन्यामुळे, आणि ते कधी निघणार? जहाजावरच्यांनी मार्ग कोणता आणि धोक्याच्या भागात जायला नाही म्हणायचा हक्क कॉन्ट्रॅक्टमध्ये आहे का ते सही करायच्या आधी वाचून घ्यावं. माझ्या भावाचं जहाज शेवटी आफ्रिकेच्या टोकाला, केपला, वळसा घालून गेलं, जवळजवळ दोन आठवडे जास्त लागले, आई रोज सकाळी देवाला फूल घालून मग फोन बघायची.

सराव करायचा असेल तर मालीची बातमी घ्या. जानेवारी २०१३ मध्ये फ्रान्सचं सैन्य आलं, २०२० आणि २०२१ मध्ये दोन सत्तापालट झाले, ऑगस्ट २०२२ मध्ये फ्रेंच गेले, रशियाचे वॅग्नर हे भाडोत्री सैनिक होते ते जून २०२५ मध्ये निघालो म्हणाले आणि त्यांच्या जागी रशियाचंच आफ्रिका कोअर. मग सप्टेंबर २०२५ पासून अल कायदाशी जोडलेल्या जेएनआयएमनं राजधानी बामाकोकडे येणारे पेट्रोलचे टँकर जाळायला सुरुवात केली, शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. आता वही घ्या आणि वरचे प्रश्न एकेक लावून बघा. पगार, बराक, पैसा कुठून, करार कोणाशी. आणि टँकरबरोबर रस्त्यावर कोण चालतंय, मालीचे सैनिक की बाहेरचे, तेवढं पंधरा दिवस रोज टिपून ठेवा.